सतरा बायकांची भिंत

शेवंती वाघमोडे नऊ वर्षं एका संस्थेची अध्यक्ष होती, आणि त्या नऊ वर्षांत सही करण्यापलीकडे तिने संस्थेसाठी काहीएक केलं नव्हतं.

संस्थेचं नाव जनाई महिला मजूर सहकारी संस्था. पत्ता मानपाड्याचा, कागदावर सभासद एक्कावन्न. सगळ्या बिगारी काम करणाऱ्या बायका; कुणी सांगोल्याकडची, कुणी जतची, कुणी चिपळूणच्या बाजूची. त्यातल्या काही गावी परत गेल्या होत्या, दोघी तर वारल्याही होत्या, पण नावं होती तिथेच होती. संस्था काढली होती बाळशेठनी. बाळशेठ त्या भागातले जुने ठेकेदार. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी त्यांची गाडी दारात यायची, शेवंती ठेवणीतली साडी नेसून ठाण्याच्या कार्यालयात जायची, तिथे चिठ्ठ्या टाकून कामं वाटली जायची, आणि संस्थेचं नाव निघालं की बाळशेठ बोट ठेवतील तिथे ती सही करायची. पुढे ते काम कुठे झालं, कुणी केलं, तिला कळतही नसे. दिवाळीला एक साडी आणि एक पाकीट यायचं.

तिने कधी विचारलं नाही, याला कारण होतं. तिचा नवरा कंपनीत कामावर असतानाच गेला, तेव्हा त्याला गावाकडे न्यायला बाळशेठनीच गाडी दिली होती. डिझेलसुद्धा घेतलं नव्हतं. ज्या माणसाने मेलेल्याला त्याच्या मातीत पोचवलं, त्याच्या कागदावर सही करताना काय म्हणून खुसपटं काढायची, असं तिचं साधं गणित होतं.

त्या वर्षी मात्र कार्यालयात नवीन बाई आल्या होत्या. समीक्षा फणसे, उपअभियंता, वय फार तर पस्तीस. मलंगगडाच्या रस्त्यावरच्या एका गावातल्या शाळेला संरक्षक भिंत आणि मुलींसाठी स्वच्छतागृह बांधायचं होतं, आणि चिठ्ठी जनाई संस्थेची निघाली.

"अध्यक्ष कोण?" मॅडमनी विचारलं.

"या आमच्या शेवंतीबाई," बाळशेठ म्हणाले. "बोला मॅडम, काय पाहिजे?"

"तुम्हाला नाही, त्यांना विचारतेय." मॅडम शेवंतीकडे वळल्या. "बाई, एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट वीटकामाला विटा किती लागतात?"

बाळशेठ हसले. "अहो मॅडम, त्यांना काय..."

"चौदाशे," शेवंतीच्या तोंडून आपसूक निघालं. "तुटफूट धरून साडेचौदाशे मागवायच्या. शिमिट चार गोणी. पण वाळूत माती असंल तर चारात भागत न्हाई. आदी वाळू चाळून घ्यावी लागती."

टेबलापलीकडचे दोन कारकून मान वर करून बघायला लागले. शेवंतीला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. तिने पदर सारखा केला.

"मग काम तुम्हीच का करत नाही?"

"आमाला कोन देतंय, मॅडम?"

समीक्षा मॅडमनी फाईल फिरवून तिच्यापुढे सरकवली. "हे काय आहे मग? सरकारी कामांतला हा हिस्सा निविदा न काढता वाटतात, तो कशासाठी? जे हाताने काम करतात त्यांना ते थेट मिळावं म्हणून. संस्थेने स्वतः करायचं, दुसऱ्याला परस्पर द्यायचं नाही, असं या आदेशात लिहिलंय. आणि त्याच्याच खाली तुम्ही सही करता, बाई."

शेवंतीने सही केली. पण नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने त्या आदेशाची प्रत मागून घेतली.

परत येताना माजिवड्याला गाडी अडकली. पुढेमागे ट्रकच ट्रक. शेवंती म्हणाली, "बाळशेठ, ह्ये काम आमीच केलं तर?"

बाळशेठ रागावले नाहीत. उलट समजूत घातल्यासारखे बोलले. "शेवंतीबाई, विटा रचणं वेगळं आणि सरकारी काम वेगळं. मोजमापं, चाचण्यांचे दाखले, बिलाला पन्नास सह्या. चपला झिजतील तुमच्या. हे कोण शिकवणार तुम्हाला?"

घरी आल्यावर तिने लेकीला, संचिताला, तो आदेश वाचायला लावला. संचिता एका कुरियर कंपनीत टायपिंगचं काम करायची. ती भराभर वाचत गेली आणि मधेच थांबली.

"आई, इथे क्लिअर लिहिलंय. काम सभासदांनीच करायचं, हजेरीपट ठेवायचा, मजुरी ज्याची त्याच्या बँक खात्यात. तुला किती वर्षं माहीत नाही हे? अगं, तू अध्यक्ष आहेस!"

"वरडू नको," शेवंती म्हणाली. "शिकवनारं कोन हाय का, त्ये बोल."

आणि बोलता बोलताच तिला तो ओळंबावाला म्हातारा आठवला.

दोन वर्षांपूर्वी कोपरला एका इमारतीच्या गच्चीचं काम चालू असताना तिथले एक गृहस्थ रोज सकाळी हातात ओळंबा घेऊन वर यायचे. कठडा सरळ आहे का बघायचे, मालात सिमेंट किती टाकलं विचारायचे, गवंडी वैतागायचे. सुधीर ओगले त्यांचं नाव. सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. एकदा त्यांनी शेवंतीला घमेली मोजून माल कालवताना पाहिलं आणि म्हणाले होते, "बाई, या गच्चीवर प्रमाण फक्त तुम्हाला कळतंय."

रविवारी शेवंती आणि संचिता त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. सुधीररावांनी आदेश दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या पत्नी सुमतीबाई पाणी घेऊन आल्या तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"किती जणी प्रत्यक्ष कामाला येतील?"

"सतरा. त्यात नयन वीटकाम करती. बापाबरूबर शिकलीय. तिचा वळंबा चुकत न्हाई."

"मग दर रविवारी चार वाजता या. सगळ्या या. वही आणा."

असे दहा रविवार झाले. ओगल्यांच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरलेला असे, खुर्च्या पुरत नसत, अर्ध्या बायका जमिनीवर बसत. अंदाजपत्रक म्हणजे काय, त्यातली प्रत्येक बाब कशी वाचायची, मोजमाप पुस्तिकेत लांबी-रुंदी-खोली कशी उतरवतात, सुधीरराव एकेक गोष्ट चार-चार वेळा सांगत. ज्यांना अक्षरं येत नव्हती त्यांना ते आकडे आधी शिकवत. "अक्षर नंतर येईल. आकड्यात कुणी फसवता कामा नये," असं त्यांचं म्हणणं. सुमतीबाई दर वेळी पोहे करायच्या आणि दर वेळी कमी पडायचे.

एक अडचण मात्र शिकून सुटणारी नव्हती. संस्थेचा शिक्का आणि दप्तर सचिवाकडे, आणि पगारी सचिव होता बाळशेठचा पुतण्या सलिल. तो शिक्का द्यायला तयार नव्हता. "काकांना विचारा," एवढंच म्हणे.

"विचारायचं कशाला?" सुधीरराव म्हणाले. "संस्था सहकारी आहे. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सभा घ्यावीच लागते. एक्कावन्नचा पाचवा हिस्सा किती?"

"अकरा," नयन म्हणाली. ती हल्ली आकड्यात सगळ्यांच्या पुढे असायची.

"तुम्ही सतरा आहात."

संचिताने अर्ज टाईप केला, सतरा जणींनी सह्या केल्या. त्यातल्या पाच जणींची ती आयुष्यातली पहिली सही होती, अंगठा सोडून. दत्तमंदिराच्या सभामंडपात सभा झाली. गावी गेलेल्यांना रीतसर नोटिसा गेल्या, वारलेल्यांची नावं ठराव करून कमी झाली. सलिल शेवटपर्यंत तोंड पाडून बसला होता, पण सचिव बदलण्याचा ठराव झाल्यावर त्याने शिक्का आणि दप्तराची पिशवी शेवंतीच्या हातात दिली आणि म्हणाला, "मावशी, मला तरी कुठे आवड होती याची?" नवी सचिव नयन झाली.

काम सुरू झालं. साहित्याला सगळ्यांनी आपापल्या परीने पैसे घातले, पाया भरला की चालू बिल, म्हणजे झालेल्या कामापुरते पैसे, मिळणार होतं. स्वच्छतागृहाच्या पायाला काही त्रास झाला नाही. भिंतीचा चर खणताना मात्र पूर्वेच्या बाजूला शेवंतीच्या मनात शंका आली. माती काळी, ओली, आणि हाताला हलकी लागत होती. नकाशातली तीन फूट खोली पुरी झाली होती. तिने तळाशी पहार मारली. पहार लोण्यात गेल्यासारखी आत गेली. अजून मारली, अजून गेली. जमिनीपासून पाच फुटांवर कुठे तिला खट्ट लागलं.

"भराव हाय ह्यो," ती म्हणाली. "काम थांबवा."

नयन कपाळाला हात लावून उभी राहिली. "मावशी, कागदावर तीन फूट लिहिलंय, आपण तीन फूट खणलं. मोजायला येतील ते तीन फूटच मोजतील. खाली कोण बघतंय?"

"म्या बगितलंय नव्हं."

तिने तिथूनच सुधीररावांना फोन लावला. ते म्हणाले, "अंदाजपत्रकात नाही ते काम लेखी मंजुरीशिवाय करायचं नाही. केलंत तर खर्च तुमच्या पदरचा. आणि न करता भिंत उभी केलीत तर ती उद्या मुलींच्या अंगावर. तेव्हा आधी पत्र लिहा."

पत्र गेलं. आणि काम थांबलं. एक दिवस गेला, दोन गेले. मुख्याध्यापक कुरकुरायला लागले, काही बायका पोटासाठी मजूरनाक्यावर रोजंदारीसाठी उभ्या राहायला गेल्या. शेवंती मात्र रोज शाळेत येऊन त्या चराच्या काठावर बसायची. तिच्या मनात यायचं, मंजुरी आलीच नाही तर? सतरा घरांना आपण पदरचे पैसे घालायला लावले आणि हातात काय दिलं?

तिसऱ्या दिवशी रस्त्यावर बाळशेठची गाडी थांबली. ते उतरले, कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"मी असतो तर एव्हाना भिंतीला रंग लागला असता," ते म्हणाले.

बाळशेठनी चरात वाकून बघितलं. मग जरा अजून वाकले.

"घट्ट जमीन किती खोल?"

"पाच फूट."

ते इकडेतिकडे बघत कसलातरी अंदाज घेत राहिले. "इथे तळं होतं," ते शेवटी म्हणाले. "आम्ही लहानपणी पोहायचो. शाळा बांधताना बुजवलं. पण ते इथेच संपत नव्हतं, बाई. त्या चिंचेपर्यंत होतं. तुम्ही तिकडे बघितलंत का?"

तिकडे अजून चर खणायचाच होता. शेवंती पहार घेऊन चिंचेपाशी गेली, चार ठिकाणी मारली. चारही ठिकाणी ती हलकी गेली. बाळशेठ तिथेच थांबून बघत होते. तिने वळून त्यांना हात जोडले. ते "बरं बरं" करत गाडीत जाऊन बसले.

संचिताने दुसरं पत्र त्याच दुपारी पाठवलं: आधीची जागा, शिवाय चिंचेपर्यंतची. चौथ्या दिवशी समीक्षा मॅडम स्वतः आल्या. सलवारीची टोकं वर खोचली आणि सरळ चरात उतरल्या. शेवंतीच्या हातातली पहार मागून घेतली आणि स्वतः मारून बघितली. वर आल्या तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल.

"हे पत्र तुम्ही लिहिलं नसतं तर मला कधी कळलंच नसतं," त्या म्हणाल्या. "नकाशा करताना माती तपासली ती शाळेच्या पुढच्या बाजूची. चूक आमच्या कामात राहिलीये. मी वर प्रस्ताव पाठवते. पण वेळ लागेल. मी लेखी दिल्याशिवाय एक वीटसुद्धा लावू नका."

"न्हाई लावनार," शेवंती म्हणाली.

अकराव्या दिवशी मंजुरीचा कागद आला. त्या दिवशी सतराच्या सतरा जणी हजर होत्या. नाक्यावर कुणी गेलं नव्हतं. भराव काढून घट्ट जमिनीपर्यंत पाया नेला, तळाला दगड-मुरूम धुमसून बसवला, आणि भिंत वर यायला लागली. वीटकाम नयनचं. तिने आणखी दोघींना थापी धरायला शिकवलं. शाळा सुटल्यावर मुली दप्तरं पाठीला लावून बघत उभ्या राहायच्या. बाई वीट लावते हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. सुधीरराव आठवड्यातून दोनदा रिक्षाने यायचे, ओळंबा लावायचे, आणि काही न बोलता परत जायचे. ते काही बोलले नाहीत की बायका खूश व्हायच्या.

शेवटच्या मोजमापाच्या दिवशी समीक्षा मॅडमनी पुस्तिकेतला प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला आणि शेवंतीने आपल्या वहीतल्या आकड्याशी तो ताडून बघितला. एका ठिकाणी मॅडमच्या आकड्यात अर्धा फूट कमी होता. शेवंतीने सांगितलं. मॅडमनी टेप परत लावली, आकडा दुरुस्त केला आणि बाजूला सही केली. मग शेवंतीने सही केली. या वेळी कुणी बोट ठेवून जागा दाखवली नव्हती.

मजुरी जिची तिच्या खात्यात आली त्या दिवशी मोबाईल वाजत होते आणि बायका एकमेकींना मेसेज दाखवत होत्या. वाचता न येणाऱ्याही आकडा बरोबर वाचत होत्या.

पेढ्यांचा डबा घेऊन शेवंती ठाण्याला गेली, या वेळी बसने. मॅडमनी डब्याला हात लावला नाही.

"हे मला घेता येत नाही, बाई. नियम आहे. आणि मी पगाराचंच काम केलंय."

"पगाराचं काम समदेच करत्यात," शेवंती म्हणाली. "नऊ वर्सं म्या हितं येत हुते. इटा किती लागत्यात म्हनून मला तुमीच इचारलंत."

मॅडमनी मान खाली घालून टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. मग म्हणाल्या, "पेढे शाळेत वाटा. आणि वर्षभर भिंतीवर लक्ष ठेवा. तडा गेला तर दुरुस्ती तुमचीच."

"ठाऊक हाय. करारात लिवलंय," शेवंती म्हणाली, आणि दोघीही हसल्या.

शाळेत पेढे वाटल्यावर ती बाळशेठच्या ऑफिसात गेली. संचिता येऊ नको म्हणत होती, तरी गेली. म्हणाली, "तळ्याचं तुमी सांगितलंत, म्हनून भिंत उभी ऱ्हायली. आन् संस्था काडलीत ती बी तुमीच. कशासाठी का काडली असंना." बाळशेठनी चहा मागवला. पुढची कामं संस्था स्वतःच करणार हे तिने सांगितलं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना ते आवडलं नव्हतं हे दिसत होतं, पण चहा त्यांनी पुरा पाजला.

कोपरला ती सगळ्यात शेवटी गेली, कारण तिथे काय बोलायचं ते तिला कळत नव्हतं. सतरा जणींनी मिळून सुधीररावांसाठी एक शाल आणली होती. ती त्यांच्या हातात ठेवून शेवंती पाया पडायला वाकली, तसे ते घाईने मागे सरले.

"नको. बसा. मला तुम्हाला एक सांगायचंय."

त्यांनी शालीची घडी मांडीवर ठेवली.

"नोकरीत असताना अशी कामं मीही वाटली आहेत. समोर तुमच्यासारखीच बाई असायची, शेजारी ठेकेदार असायचा. मला सगळं कळत होतं, शेवंतीबाई. पण एकाही बाईला मी कधी प्रश्न विचारला नाही. कागद पुरा होता, सही होती, मी पुढचा कागद घ्यायचो. पैसे कधी खाल्ले नाहीत, तेवढ्यावर स्वतःला प्रामाणिक समजत राहिलो. तुम्ही दारात आलात तेव्हा वाटलं, त्यातलीच एक कुणीतरी जाब विचारायला आली."

सुमतीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनाही हे नवं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

शेवंतीला म्हाताऱ्याची कीव आली नाही, रागही आला नाही. तिला ते दहा रविवार आठवले. नकाशावर टेकलेली त्यांची बोटं, चार-चार वेळा तेच समजावणं, भर उन्हात रिक्षातून उतरणं.

"सायेब," ती म्हणाली, "त्या बायांचं काय झालं, त्ये मला ठाव न्हाई. आमच्यातल्या पाच जनी तुमच्या टेबलापाशी सही करायला शिकल्या. त्यांच्याकडून मी पाया पडाय आलीय. पडू द्या."

या वेळी सुधीरराव मागे सरले नाहीत. त्यांनी डोळे पुसले आणि चष्मा पुन्हा घालायला विसरले.

चहा झाला. निघताना शेवंतीला आठवलं, म्हणून तिने विचारलं, "टिटवाळ्याच्या एका संस्थेच्या चार बाया मला भेटल्या. त्यांचं बी आमच्यावानीच हाय. रविवारी आनू का?"

"चार वाजता," सुधीरराव म्हणाले. "वही आणायला सांगा."

"आणि पोट थोडं रिकामं ठेवूनच या म्हणावं," सुमतीबाई आतून म्हणाल्या. "या वेळी पोहे दुप्पट भिजवते."